ओळखीचा माल

भाद्रपदातील दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचण्याची प्रथा दिगंबर घरांतून आजही पाळली जाते. सातव्या दिवशी, म्हणजे उत्तम तप धर्माच्या दिवशी, सातवा अध्याय येतो. अणुव्रते आणि त्यांचे अतिचार त्यात सांगितले आहेत. मेहकर तालुक्यातील डोणगाव येथे धान्याच्या आडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका घरात त्या दिवशी आजींनी अध्याय वाचून पोथी वेष्टनात बांधली, तेव्हा पर्वासाठी पुण्याहून आलेला नातू मोबाईलवर एका लाल मोटारीची छायाचित्रे वडिलांना दाखवीत होता.

मोटार होती पोर्शे बॉक्स्टर, २००७ सालची. आसने दोनच, छत कापडी, इंजिन आसनांच्या मागे. नव्याने घ्यायची तर या घराने तिच्याकडे पाहिलेही नसते. पण अठरा वर्षांनंतर तिची मागितलेली किंमत एखाद्या नव्या मध्यम मोटारीएवढी उतरली होती. विकणारे गृहस्थ मुंबईचे, डाळीचे व्यापारी आणि साधर्मी. या घराशी त्यांचा पंचवीस वर्षांचा व्यवहार आणि त्यात एका पावतीचाही वाद झालेला नाही.

“अण्णा, ओळखीचा माल आहे,” मुलगा म्हणाला. “ते म्हणतात, घरचीच समजा, पाहायचे काय त्यात? विसार पाठवला की गाडी आपली.”

“ओळखीच्या मालाला ओलावा नसतो का?” अण्णांनी विचारले.

व्यापारी घराण्यांची ही एक जुनी अडचण आहे. परक्याचे पोते असेल तर त्यात सळई खुपसून तळाचा नमुना काढला जातो, दाणा दाताखाली धरला जातो, मूठभर माल उन्हात नेऊन पाहिला जातो. नात्यातल्या किंवा पेढीच्या संबंधातल्या माणसाचा माल असला की हात आखडतो. तपासणी म्हणजे अविश्वास, अशी समजूत घट्ट बसलेली असते. वास्तविक सोयाबीनचा ओलावा मोजताना शेतकऱ्याच्या चारित्र्यावर कोणी शंका घेत नाही; पावसाने काय केले आहे, एवढेच पाहायचे असते. अठरा वर्षांच्या मोटारीचेही तसेच आहे. आजच्या मालकाला जे ठाऊक नाही, तेही तिच्यात साठलेले असते.

आजींना मोटारीचे काही देणेघेणे नव्हते. परिग्रहाविषयी त्या दोन शब्द बोलतील म्हणून नातू उगाच सावध बसला होता. त्या एवढेच म्हणाल्या, की अचौर्य व्रताचे पाच अतिचार आज वाचले, ते घेणाऱ्यालाही लागू आहेत आणि विकणाऱ्यालाही. मग अण्णांनी ते पाच पुन्हा वाचून घेतले. चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे, खोटी मापे वापरणे आणि असलाच्या नावाने नक्कल किंवा भेसळ खपवणे. जुन्या मोटारीच्या बाजारात यांतला एकही अतिचार अनोळखी नाही.

पहिली छाननी डोणगावातच झाली, आणि ती कागदांची. मोटारीचा क्रमांक पुदुच्चेरीचा होता. महागड्या मोटारी तेथील पत्त्यावर नोंदवून वापरायच्या मुंबईत किंवा केरळात, ही युक्ती देशात बरीच गाजलेली आहे. कारण तेथे कर कमी, आणि महाराष्ट्रात आयात मोटारीवरील कराचा दर देशी मोटारीपेक्षाही चढा. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवले, तर येथे नव्याने नोंदवावे लागते. म्हणजे मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, त्यासाठी नमुना २८, हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३०, पूर्वी कर्ज असेल तर बोजा उतरल्याचा नमुना ३५, आणि वयानुसार घट धरून येथील कर. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे योग्यता तपासून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. आयात केलेल्या चारचाकीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून चाळीस हजार रुपये झाले आणि वीस वर्षांपुढील गाडीला ते आणखी वाढते. या मोटारीचे एक नूतनीकरण झाले होते. पुढचे दोनच वर्षांवर होते. हा सारा हिशेब अण्णांनी वहीच्या एका पानावर मांडला आणि किमतीच्या आकड्याखाली लिहिला. स्वस्त वाटणारी वस्तू त्या पानाच्या तळाशी येईपर्यंत तेवढी स्वस्त राहिली नव्हती.

चेसिस क्रमांकाबाबत अण्णांचा आग्रह मुलाला अतिरेकी वाटला. नोंदणीपत्रावरील, काचेखालचा, पुढच्या झाकणाखालच्या चिकटपट्टीवरचा आणि धातूवर ठोकलेला क्रमांक एकच आहे का, हे अक्षर-अक्षर लावून पाहायचे, असे त्यांनी बजावले. महाराष्ट्राला या बाबतीत धडा मिळालेला आहे. अवंती नावाची एक देशी स्पोर्ट्स कार २०१२ च्या दिल्ली वाहन प्रदर्शनात मोठ्या कौतुकाने मांडली गेली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने एक अवंती ताब्यात घेतली आणि एकाच चेसिस क्रमांकावर एकाहून अधिक नोंदण्या, एकाच गाडीवर एकाहून अधिक कर्जे, असे गंभीर आरोप पुढे आले. गाडी डोळ्यांसमोर उभी आहे म्हणजे ती कागदावरचीच गाडी आहे, असे धरून चालता येत नाही.

क्षमावाणी झाल्यावर दोघे मेहकरजवळून समृद्धी महामार्गाला लागले. दुपारी मुंबई गाठून थेट विक्रेत्यांच्या इमारतीखाली गेले. “आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका,” असे अण्णांनी फोनवर सांगितले होते. तरीही पाहुण्यांची सोय म्हणून चालकाने अर्धा तास आधी गाडी फिरवून आणली होती. मागच्या झाकणावर तळहात ठेवताच अण्णांना ऊब लागली. यात कपट नव्हते, केवळ आदरातिथ्य होते. पण तापलेले इंजिन बरेच काही लपवते. थंड इंजिन पहिल्या फटक्यात कसे उठते, पहिली दहा-पंधरा सेकंद साखळीचा खडखडाट येतो का, धूर किती आणि कोणत्या रंगाचा, हे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच कळते. आडव्या सिलिंडरांच्या या इंजिनातून सुरुवातीला निळसर धुराचा एक भपकारा निघून विरला, तर काळजी नसते. धूर टिकून राहिला, तर असते. तेव्हा त्या दिवशी गाडी तशीच सोडून दोघांनी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले आणि धर्मशाळेत मुक्काम केला. मुलाला तो दिवस वाया गेलासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन व्यवस्थित उठले आणि तिथून गाडी एका कार्यशाळेत लिफ्टवर चढली. तपासणीचे शुल्क अण्णांनी दिले, म्हणजे तपासनिसाचे धनी तेच ठरले. ही गोष्ट लहान नाही. विक्रेत्याच्या नेहमीच्या मेकॅनिककडे तपासणी करून घेणे म्हणजे ज्याचा माल त्याच्याच काट्यावर मापून घेणे होय.

या मोटारीच्या एका दुखण्याची कथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बॉक्स्टरचे इंजिन पुढचे किंवा मागचे झाकण उघडून दिसत नाही. तेल आणि कूलंट भरण्याची तोंडे मागच्या डिकीत असतात, बाकी सारे आसनांमागे झाकलेले. त्या इंजिनात मुख्य दांड्याची गती वरच्या कॅम दांड्यांपर्यंत पोहोचवणारा एक मधला दांडा असतो. त्याच्या एका टोकाला बंदिस्त बेअरिंग आहे. वर्षानुवर्षांत त्यातले ग्रीस धुऊन जाते, बेअरिंग झिजते, आणि एक दिवस त्याचे तुकडे होतात. मग कॅम दांड्यांचा मेळ चुकतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि क्षणात इंजिन निकामी होते. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या गाड्यांबाबत ग्राहकांनी सामूहिक दावा केला होता आणि २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. पुढे २००८ पर्यंतच्या इंजिनांत अधिक मोठे आणि बळकट बेअरिंग आले; परंतु ते बदलायचे तर संपूर्ण इंजिन उकलावे लागते. २००९ च्या नव्या रचनेत मधला दांडाच काढून टाकला गेला. अशा मोटारीत ‘२००७’ आणि ‘२००९’ या दोन आकड्यांमधले अंतर दोन वर्षांपेक्षा कितीतरी मोठे असते. छायाचित्रात मात्र दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

बेअरिंग बाहेरून दिसत नाही, तेव्हा त्याची साक्ष तेलातून घ्यावी लागते. तपासनिसाने तेलाचा फिल्टर काढला, त्याची घडी उलगडून प्रकाशात धरली. धातूचे चमकते कण दिसले नाहीत. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर तेलाचा पुसट ओघळ होता. या मोटारींत तो नवा नाही, पण पुढे क्लच बदलताना तेथील सील बदलावे लागेल, असे त्याने नोंदवले. मग अण्णांनी सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या. पावत्या होत्या, पण शेवटच्या सहा वर्षांच्याच. आधीच्या बारा वर्षांची कीर्द कोरी.

“गाडी फार चाललीच नाही,” विक्रेते म्हणाले. “एकतीस हजार किलोमीटर फक्त. तेल कशाला बदलणार?”

कमी चाललेली जुनी मोटार उत्तम, हा समज सर्वत्र आहे आणि तो सर्वस्वी खरा नाही. उभ्या गाडीत तेलात ओलावा धरतो, रबरी सील कडक होतात, टायरांना भेगा जातात, बॅटरी मरते. तेल किलोमीटरवर बदलायचे तसेच वर्षावरही बदलायचे असते. धान्य कोठारात पडून राहिले म्हणून ताजे राहत नाही, हे आडत्याला सांगावे लागत नाही. पण एकतीस हजार हा आकडा तरी खरा होता का?

तपासनिसाने संगणक जोडला. या मोटारीच्या इंजिन-नियंत्रकात इंजिन एकूण किती तास चालले, याची वेगळी नोंद असते. किलोमीटरचा आकडा मागे फिरवणाऱ्यांना ही दुसरी वही बहुधा आठवत नाही. नोंद होती सुमारे दोन हजार सहाशे तासांची. अण्णांनी क्षणभर डोळे मिटले. आयुष्यभर तोंडी हिशेब केलेल्या माणसाला भागाकार करायला कागद लागला नाही.

“तासाला बारा किलोमीटर,” ते म्हणाले. “पोर्शे घेऊन कोणी सायकलच्या वेगाने हिंडत होते काय?”

मुंबईच्या गर्दीत सरासरी वेग खाली येतो, काही वेळ इंजिन उभ्या गाडीत चालू असते, हे मान्य; तपासनिसाने ते बोलूनही दाखवले. म्हणून एका आकड्यावर निकाल न देता त्याने दुसरे पुरावे पाहिले. क्लचच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले होते. चालकाच्या आसनाची दरवाजाकडची कड चुरगळून तिचे कातडे उलले होते. स्टीअरिंगवर दोन्ही हातांच्या जागी चकाकी होती. एवढी झीज एकतीस हजारांची वाटत नाही, पन्नास-साठ हजार तरी असावेत, असे त्याचे मत पडले. विक्रेत्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सहा वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा काटा सव्वीस हजारांवर होता आणि त्यांनी तो तसाच खरा मानला होता. खोटे माप त्यांच्या हातचे नव्हते. ते त्यांच्याही पदरात घातले गेले होते.

पाण्याची तपासणी त्यानंतर झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईकडची जुनी मोटार घेताना बुडाल्याच्या खुणा शोधण्याची सवय जाणत्या खरेदीदारांना लागली. ही मोटार त्यानंतरची. परंतु मुंबईत पाणी एकदाच तुंबले असे नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का ते पाहतात, आसनाखालच्या बोल्टांना गंज आहे का ते पाहतात, गालिचा उचलून वास घेतात. बॉक्स्टरला तर पुरात जाण्याचीही गरज नसते. छतावरचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या छताच्या मागच्या कोपऱ्यांत असतात. झाडाखाली गाडी उभी राहिली, पाने कुजून त्या नळ्या बुजल्या, की पावसाचे पाणी आत उतरते. आधीच्या बॉक्स्टरमध्ये आसनाखालीच कुलूप आणि सुरक्षेची विद्युत पेटी असे. ती भिजली की गाडी उघडेनाशी, सुरू होईनाशी होते. या गाडीचा गालिचा कोरडा निघाला. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतील रेडिएटरांपुढे मात्र कुजलेल्या पानांचा थर होता. तो काढल्यावर वातानुकूलन यंत्राची जाळी खाल्लेली दिसली. रंगाची जाडी मोजणारे यंत्र सर्वत्र शंभर-दीडशे मायक्रॉन दाखवीत होते, उजव्या मागच्या बाजूस एके ठिकाणी ते चारशेच्या पुढे गेले. तेथे कधीतरी लांबी भरून रंग दिलेला होता.

टायरांवर नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती आणि मुलाने ती अभिमानाने दाखवली. अण्णांनी वाकून कडेवरचा आकडा वाचून घेतला. शेवटचे चार अंक २२१४, म्हणजे २०१४ सालचा बाविसावा आठवडा. अकरा वर्षांचे रबर. डोणगावच्या माणसाला हा आकडा क्षुल्लक वाटत नाही. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून जातो, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा देतो, आणि उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या या भागात घरोघरी वाचल्या गेल्या आहेत. परिवहन विभागाने २०२३ मध्ये महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासण्याची मोहीमच काढली होती. मुलाच्या मनात त्याच रस्त्याने त्याच संध्याकाळी गाडी घरी न्यायची होती. अण्णा काही बोलले नाहीत. आईला मुंबईहून फोन करून त्यांनी एवढेच सांगितले, की आज येतो, आपल्याच गाडीने येतो.

दुपारी तपासनिसाने दोन पानी अहवाल दिला. त्यातल्या दुरुस्त्यांची बेरीज, नवे टायर, येथील नोंदणी आणि कर धरून अण्णांचे वहीतले पान पुरे झाले. मागितलेल्या किमतीच्या निम्म्याहून थोडी अधिक रक्कम त्या आकड्यात वाढत होती, आणि मधल्या दांड्याचे बेअरिंग कधी जाईल याची किंमत त्यात धरलेलीच नव्हती. विक्रेत्यांनी लगेच एकतृतीयांश किंमत कमी केली.

येथे मुलगा पुन्हा पुढे झाला. त्याचा विचार व्यापाऱ्याच्या मुलाला शोभेल असाच होता. एवढ्या कमी भावात घ्यावी, वातानुकूलन नीट करावे, कातडे बदलावे, पेडलांना नवी रबरे घालावीत, एक वर्ष वापरावी आणि पुण्यात विकून टाकावी. “काट्यावर तर अजूनही एकतीस हजारच आहेत,” तो हळूच म्हणाला.

अण्णांनी त्याला कार्यशाळेबाहेर नेले. आत चार माणसे होती आणि मुलाला त्यांच्यासमोर काही ऐकवण्याची त्यांची इच्छा नव्हती. “घ्यायची असेल तर घे,” ते म्हणाले. “पैसे मी देतो. पण ज्या दिवशी विकशील, त्या दिवशी दोन हजार सहाशे तासांचा हा कागद घेणाऱ्याच्या हातात आधी ठेवशील, मगच भाव सांगशील. तेवढे कबूल असेल तर आत जाऊन विसार दे.”

मुलगा बराच वेळ रस्त्याकडे पाहत उभा राहिला. नव्या रबरांचे पेडल आणि जुना आकडा मिळून जे तयार झाले असते, त्याचे नाव आजींनी सातव्या दिवशी वाचलेच होते. तो आत गेला नाही.

विक्रेत्यांचा निरोप घेताना अण्णांनी दोन पानी अहवालाची प्रत त्यांच्या हाती दिली. तपासणीचे अर्धे शुल्क देऊ केले गेले, ते त्यांनी घेतले नाही. डाळीचा पुढचा सौदा नेहमीच्या भावाने, नेहमीच्या विश्वासाने ठरला. तोही तिथेच, उभ्या-उभ्या. त्या गृहस्थांनी अहवाल घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्याच आठवड्यात पुण्याहून आणखी एक गिऱ्हाईक गाडी पाहायला येणार असल्याचे त्यांनी सांगितले आणि मग बोलता-बोलता थांबले. थोड्या वेळाने त्यांनी कागद पुन्हा बाहेर काढला, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.

परतीच्या वाटेवर सिन्नर मागे पडेपर्यंत मुलगा गप्प होता. नंतर त्याने विचारले, “अण्णा, २००९ नंतरची मिळाली तर?”

“तासांची नोंद फोनवरच मागव,” अण्णा म्हणाले. “मग बघू.”